पिसारा गळलेला मोर आजारी नाही, आणि त्या अंड्यांना हात लावू नका

तुम्ही निपाणीजवळच्या तुमच्या रानाबद्दल विचारलंय, उसाला लागून भुईमूग आहे आणि रोज सकाळी मोर-लांडोरींचा कळप उतरतो. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मोराची पिसं भराभर गळायलीत म्हणून तो आजारी आहे का, बांधावरचं गवत कापताना पाच अंडी सापडलीत ती खुडूक कोंबडीखाली ठेवली तर चालेल का, शेंगांचं नुकसान होतंय त्याला काय करायचं, आणि घरातली आजी म्हणते की लांडोर मोराचे अश्रू पिऊन अंडी घालते ते खरं का. मी जनावरांचा डॉक्टर, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-हुक्केरी-निपाणी या पट्ट्यात गाई-म्हशी बघत फिरण्यात आयुष्य गेलं आणि त्यासोबत फॉरेस्टवाल्यांनी आणलेले, कुत्र्यांनी फाडलेले, तारेत अडकलेले मोरही पुष्कळ हाताखालून गेले, तेव्हा जे सांगतोय ते बघून सांगतोय.

आधी अंड्यांचं, कारण त्याला वेळ नाही. आत्ताच्या आत्ता जाऊन तिथलं गवत कापायचं थांबवा, जेवढं कापलंय त्यातलंच थोडं अंड्यांच्या आजूबाजूला मोकळं टाकून आडोसा करा आणि पिल्लं निघून जाईपर्यंत, म्हणजे महिना-सव्वा महिना, त्या कोपऱ्याकडे कुणी जाऊ नका, कुत्र्यालाही तिकडे फिरकू देऊ नका. अंडी टाकून दिलेली नाहीत. लांडोर एक दिवसाआड एक असं अंडं घालते आणि सगळी घालून झाली की मगच उबवायला बसते, म्हणून सुरुवातीला नुसती अंडी दिसतात, आई दिसत नाही, आणि आपल्याला वाटतं बिचारी सोडून गेली. एकदा बसली की साधारण २८ दिवस बसते, दिवसातून थोडा वेळ चारा-पाण्याला उठते, आणि हे सगळं ती एकटीच करते, मोर त्या बाजूला फिरकतसुद्धा नाही. घरटं म्हणजे तरी काय, झुडपाखाली पायानं उकरलेला एक उथळ खळगा, त्यात चार काड्या नि पाचोळा. अंडी फिकट बदामी, जाड कवचाची, गावठी कोंबडीच्या अंड्यापेक्षा बरीच मोठी. लांडोर बसलेली असताना तुम्ही दोन पावलांवर आलात तरी ती हलत नाही, मान खाली घालून मातीत मिसळून जाते. भांगलायला गेलेल्या बायकांनी अगदी हात लावायच्या बेतात असताना ती फडफडत उठलीय, असं आमच्याकडे दर पावसाळ्यात कुणी ना कुणी सांगतंच.

कोंबडीखाली ठेवली तर उबतील का, तर उबतील, अंड्याला कोंबडी नि लांडोर कळत नाही. पण पुढं काय? पहिली गोष्ट कायद्याची. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २०२२ साली कायदा बदलला, अनुसूच्यांची फेरमांडणी झाली तरी तो पहिल्यातच राहिला, आणि त्या कायद्यात अंडी उचलणं हे शिकारीतच धरतात. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि वर दंड. चांगल्या मनानं केलं हे तिथं सांगून उपयोग होत नाही. दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कोंबडीच्या खुराड्याच्या मातीत एक बारीक परजीवी असतो, कोंबडीच्या पोटातल्या जंताच्या अंड्यातून तो पसरतो, कोंबडीला स्वतःला त्याचं फारसं काही होत नाही पण मोराच्या पिल्लाचं आतडं नि लिव्हर तो खाऊन टाकतो. पिवळी हगवण लागते, पिल्लू पंख पाडून कोपऱ्यात उभं राहतं आणि चार-पाच दिवसांत जातं. शिवाय कोंबड्यांची मानमोडी (राणीखेत रोग) आहेच. तिसरी गोष्ट अशी की कोंबडीची पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खातात, कोंबडी नुसती उकरून दाखवते. मोराच्या पिल्लाला सुरुवातीला आई चोचीत धरून किडा पुढं करते आणि ते तिच्या चोचीतून घेतं. कोंबडीला हे जमत नाही, तुम्हाला दिवसभर चिमट्यानं करावं लागेल. आणि समजा केलंत, जगवलंत, तर जो मोर तयार होईल त्याला माणूसच आपला वाटेल, तो रानातल्या मोरांत जाणार नाही, वयात आल्यावर पोराटोरांच्या अंगावर उडेल, पायामागच्या काट्यानं फाडेल, मग तुम्हीच मला फोन करणार की डॉक्टर याला घेऊन जा. अशा मोराला कुठंच जागा नसते हो.

पिल्लं फुटली की ती तिथं थांबणार नाहीत, लगेच आईमागं निघतील. मातकट-पिवळी, मानेवर गडद डाग, आणि जन्मतःच पंखांत पिसं असतात त्यामुळे थोड्याच दिवसांत फडफडायला लागतात, दोन आठवड्यांत फांदीवर आईच्या पंखाखाली झोपायला जातात. तोपर्यंतचा काळ वाईट, मुंगूस, घोरपड, कोल्हा, आणि या सगळ्यांपेक्षा गावातली मोकाट कुत्री. रानात एकटं पिल्लू ओरडताना दिसलं तर उचलू नका. आई पन्नास पावलांवर उसात असते, तुम्ही उभे आहात म्हणून बाहेर येत नाही. लांब जा, अर्धा-पाऊण तास थांबा, ती येते.

आता पिसारा. तुमचा मोर ठणठणीत आहे. श्रावण संपत आला की दरवर्षी हेच होतं, गौरी-गणपतीच्या सुमाराला लोक विचारायला लागतात की मोर आजारी पडलाय, त्याची पिसं गळायलीत. पावसाळ्याच्या शेवटी सगळ्या मोरांचा पिसारा गळतो, एकेक करत महिनाभरात सगळी लांब पिसं पडतात, आणि दसरा-दिवाळीला मोर एकदम ओकाबोका दिसतो, लांबून बघितलं तर लांडोरच वाटतो. मग पुन्हा नवी पिसं यायला लागतात, संक्रांतीनंतर चांगली लांबी दिसते आणि शिमग्यापर्यंत पिसारा परत तयार. आजारी मोर वेगळा ओळखू येतो: तो इतरांबरोबर चरायला येत नाही, अंग फुगवून एका जागी उभा राहतो, डोळे अर्धे मिटलेले, तुरा पडलेला, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी झाडावर चढत नाही. जो मोर अंधार पडला तरी जमिनीवर आहे त्याच्याकडे लक्ष द्या. तुमचा झाडावर जातो, ओरडतो, शेंगा उकरतो म्हणता, मग त्याला काहीही झालेलं नाही.

आणि ज्याला आपण शेपूट म्हणतो ती मोराची शेपूट नव्हेच. खरी शेपूट आखूड, तपकिरी, वीस पिसांची, पिसाऱ्याच्या मागं लपलेली असते आणि पिसारा उभा राहतो तो तिच्या टेक्यावर. पिसारा म्हणजे शेपटीच्या वर, पाठीच्या शेवटाकडं उगवणारी पिसं वाढून लांब झालेली, दीडशे-दोनशेच्या आसपास. चोचीपासून खऱ्या शेपटीपर्यंत मोर मीटर-सव्वा मीटरचा, पिसाऱ्यासकट दोन ते सव्वादोन मीटर, वजन चार ते सहा किलो. पिसाऱ्यात सगळीच डोळ्याची पिसं नसतात हेही बघून घ्या, आता गळायलीत तर गोळा करून मांडून बघाच. सगळ्यात लांब जी असतात त्यांना डोळा नसतोच, टोकाला माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली असतात, पसरलेल्या पिसाऱ्याची बाहेरची कड ती. बाजूची विळ्यासारखी वाकलेली. आणि उरलेली डोळ्यांची.

एक डोळ्याचं पीस हातात घ्या आणि उन्हात हळूहळू फिरवा. मधला जांभळट काळा बदाम, त्याला खालून एक खाच, भोवती गर्द निळा, मग मोरपंखी, मग तांबूस सोनेरी, मग हिरवी कड. आता तेच पीस सावलीत नेऊन उजेडाच्या विरुद्ध धरा, डोळ्यासमोर आडवं, म्हणजे उजेड त्याच्या पाठीमागून येईल. सगळा रंग जातो, नुसतं तपकिरी उरतं. कारण त्यात निळा नाही, हिरवाही नाही, रंग म्हणून जो आहे तो केसांत असतो तोच काळा-तपकिरी. पिसाच्या बारीक तंतूंवर आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांच्या आत त्या काळ्या द्रव्याच्या सूक्ष्म कांड्या एकसारख्या अंतरावर रचलेल्या असतात. त्या अंतरात जरासा फरक पडला की परत येणारा उजेड बदलतो, कमी अंतर असेल तिथं निळा, थोडं जास्त तिथं हिरवा, आणखी जास्त तिथं पिवळट. २००३ साली शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे नीट मोजून दाखवलं. म्हणून मोरपीस वर्षानुवर्षं पोथीत ठेवलं तरी विटत नाही, विटायला रंगच नाही त्यात. मला अजूनही हे दर वेळी करून बघायला आवडतं, शाळेतल्या पोरांना दाखवा, एकदा पाहिलेलं विसरत नाहीत.

ओक्या मोराला लांडोरीपासून कसं ओळखायचं ते सांगतो, म्हणजे पुढल्या दोन-तीन महिन्यांत गोंधळ व्हायचा नाही. मान बघा. मोराची मान छातीपर्यंत निळी, लांडोरीची फक्त मान हिरवट चमकते, छाती तपकिरी आणि खाली पोट मळकट पांढरं. मग मिटलेला पंख बघा, मोराच्या पंखावर काळ्या आणि पांढुरक्या बारीक आडव्या रेघा दाट असतात, लांडोरीचा पंख नुसता तपकिरी. आणि उडताना बघितलंत तर प्रश्नच नाही, मोराच्या पंखाची टोकाची पिसं विटकरी, उन्हात एकदम भडक दिसतात. तुरा दोघांनाही असतो, त्यावर जाऊ नका. पहिल्या वर्षात नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात, दुसऱ्या वर्षी नराची मान निळी व्हायला लागते पण पिसारा नसतो, तिसऱ्या वर्षी अर्धामुर्धा येतो आणि पूर्ण पिसारा यायला चार वर्षं लागतात. त्यामुळे तुमच्या कळपात "लांडोरी" म्हणून जे दहा मोजताय त्यात दोन-तीन तरी पोरसवदा मोर असणार.

गळलेली पिसं गोळा केली, घरात ठेवली तर चालतं. आपोआप पडलेल्या पिसांचा देशात व्यवहार करायला कायद्यानं सूट आहे, नाहीतर वासुदेवाच्या टोपीचं काय झालं असतं, देशाबाहेर मात्र पाठवता येत नाहीत. पण कुणी गठ्ठेच्या गठ्ठे विकायला आणले तर पिसाचं बूड बघा. आपोआप गळलेल्या पिसाचं बूड कोरडं, पांढरं, स्वच्छ बंद झालेलं असतं. उपटलेल्या पिसाच्या बुडाला रक्ताचा डाग किंवा कातडीचा कपटा चिकटलेला असतो. पिसं उपटली म्हणजे मोर मेलाय असं समजून फॉरेस्ट ऑफिसला कळवा.

आता आजीचं. आजींचा मान ठेवून सांगतो की ते खरं नाही. हे फक्त आपल्याकडेच म्हणतात असं नाही, २०१७ साली राजस्थानातल्या एका न्यायमूर्तींनी हेच जाहीर बोलून दाखवलं होतं आणि देशभर चर्चा झाली. मोर-लांडोरीचं मीलन कोंबडा-कोंबडीसारखंच होतं, मोर पाठीवर चढतो, दोघांची शेपटीखालची छिद्रं एकमेकांना टेकतात, काही सेकंदांत संपतं. बाहेर दिसणारं लिंग नसतं, वेळ कमी, आणि लोक नाच बघायला थांबतात पण तोही पिसारा मिटला की निघून जातात, म्हणून हे फार कमी जणांनी बघितलेलं असतं. नाचताना लांडोर समोर खाली टिपत फिरते, तेव्हा लांबून वाटत असावं की मोराच्या डोळ्यांतून काहीतरी पडतंय नि ती ते टिपतेय. आपले पाय बघून मोर रडतो म्हणतात तेही असंच, पायांचं त्याला काही वाईट वाटत नाही, उलट ते पाय फार दणकट असतात, एकदा लाथ खाल्लेला माणूस विसरत नाही.

पाऊस बघून नाचतो हे अर्धं खरं. त्याचा विणीचा हंगामच पावसाच्या जोडीनं येतो, कारण पिल्लं फुटतील तेव्हा किडे, नाकतोडे, अळ्या भरपूर हव्यात. आमच्याकडे वळवाचे पहिले ढग आले की एप्रिल-मेमध्येच सुरू होतं, मृगात जोर धरतं आणि श्रावणापर्यंत चालतं. पण या दिवसांत तो स्वच्छ उन्हातही नाचतो. त्याचं प्रेक्षक म्हणजे लांडोर, ढग नव्हेत.

नाचाची जागा ठरलेली असते हे तुमच्या लक्षात आलं असेल. माळावरचा एखादा मोकळा तुकडा, पाणंदीचं वळण, तुमच्या तिथं विहिरीजवळचं खळं म्हणता तसं. एकेक मोर आपापली जागा धरून असतो, आसपास आणखी दोन-चार मोरांच्या जागा असतात, आणि लांडोरी फिरत फिरत सगळ्यांकडे बघत जातात, त्यांना पटेल त्याच्याकडे थांबतात. एखाद्या मोराला हंगामात बऱ्याच लांडोरी मिळतात आणि शेजारच्याला एकही नाही. नीट बघायचं असेल तर उसाच्या आडोशाला सकाळी लवकर बसा. पिसारा उभा करतो, तपकिरी पंख मागं खाली सोडून हलवत राहतो, आणि लांडोर जवळ आली की बऱ्याचदा आधी तिच्याकडे पाठ करतो. लोकांना वाटतं दिशा चुकली, पण ती त्याची पद्धतच आहे. मग एकदम गर्रकन वळून समोर येतो आणि सगळा पिसारा थरथरवतो, सेकंदाला पंचवीस वेळा वगैरे, तेव्हा वाळलेल्या उसाच्या पाचटात वारा शिरल्यासारखी सळसळ ऐकू येते. गंमत म्हणजे पिसारा थरथरतो तेव्हा डोळे मात्र जागच्या जागी स्थिर वाटतात, पिसाचा तो भाग तंतू एकमेकांत अडकून घट्ट झालेला असतो. त्याच वेळी आपल्या कानाला ऐकू न येणारा फार खालचा आवाजही निघतो असं अभ्यासकांनी मोजलंय.

लांडोर नेमकं काय बघते यावर मोठी माणसं भांडलीत. डार्विननं १८६० साली एका पत्रात लिहिलं की मोराच्या पिसाकडे पाहिलं की मला मळमळतं, कारण एवढा बोजा जगायला कशाला लागतो हे त्याला त्या वेळी सुटत नव्हतं. पुढं त्यानंच मांडलं की मादीची पसंती हे कारण. इंग्लंडमध्ये १९९१ च्या सुमारास अभ्यास झाला तर डोळे जास्त असलेल्या मोरांना जास्त लांडोरी मिळाल्या, आणि जपानमध्ये सात वर्षं बघून २००८ मध्ये छापलं तर तसा काही संबंध दिसला नाही. नंतर लांडोरींच्या डोक्याला छोटे कॅमेरे बसवून त्यांची नजर कुठं जाते ते बघितलं, तर त्या पिसाऱ्याच्या वरच्या टोकाकडे फारशा बघतच नव्हत्या, खालच्या भागाकडे बघत होत्या. मला स्वतःला वाटतं की पिसाऱ्यापेक्षा मोर किती वेळ तग धरून नाचतो नि शेजाऱ्याला किती हुसकावतो यालाही मोठी किंमत असणार, कारण जे मोर माझ्याकडे अशक्त, जंत झालेले आले त्यांचा पिसारा दिसायला बरा होता पण उभारायची ताकद नव्हती.

याच हंगामात मोर गाडीच्या दाराला, खिडकीच्या काचेला चोची मारतो. वेड लागलेलं नसतं, काचेत दुसरा मोर दिसतो त्याला. गाडीवर जुनं पोतं टाका, खिडकीला बाहेरून कागद लावा, चार दिवसांत सोडून देतो. मोटारसायकलच्या आरशाला रुमाल गुंडाळला तरी पुरे.

एकूण मोर वाढलेत का, तर हो, वाढलेत, देशभराच्या पक्षी-नोंदींतून गेल्या काही वर्षांत जे थोडे पक्षी स्पष्ट वाढताना दिसलेत त्यात मोर आहे. लोक म्हणतात जंगल तोडलं म्हणून मोर शेतात आले. मला हे पूर्ण पटत नाही. मोर दाट ओल्या जंगलातला पक्षी नाहीच, खानापूरकडे भीमगडच्या गच्च रानात, कणकुंबीच्या पावसात तो तुम्हाला फारसा भेटणार नाही, त्याला हवा असतो उघडा माळ, झुडपं, ओढा, उंच झाडं आणि जवळ धान्य. म्हणजे गोकाक, हुक्केरी, चिकोडी, निपाणीचा सगळा पट्टा. त्यात हिडकल धरणाचं पाणी आलं, कालवे आले, दूधगंगा-वेदगंगेच्या काठानं ऊस झाला, आणि उसासारखी लपायची जागा वर्षातले दहा-अकरा महिने त्याला फुकट मिळाली. कोल्हे कमी झाले. १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी (सलीम अलींचा कल तेव्हा माळढोकाकडे होता, तो झाला असता तर कदाचित आज त्याचे हाल जरा बरे असते), कायद्याचा धाक, आणि मराठी असो कन्नड असो, मोराला मारू नये ही आपल्याकडची जुनी रीत. हावेरी जिल्ह्यात बंकापूरच्या किल्ल्यात तर मोरांसाठी राखीव जागाच केलीय, तिथं सरकारचं खिल्लारी बैलांचं फार्म आहे आणि गुरांच्या चाऱ्यातलं धान्य टिपत मोर सुखानं राहतात.

नुकसान मात्र खरं आहे आणि ज्याचं होतं त्याला "राष्ट्रीय पक्षी आहे, सोसा" असं सांगणं मला पटत नाही. २०१६ मध्ये गोव्यात मोराला उपद्रवी ठरवायची भाषा झाली ती काही उगाच नव्हती. पण त्याच्या चाऱ्याचं वेळापत्रक कळलं तर बरंच वाचवता येतं. पिकाला धोका वर्षभर नसतो, दोनदा असतो. एकदा टोकणीनंतरचे आठ-दहा दिवस, बी आणि कोंब दोन्ही उकरतो, आणि दुसऱ्यांदा भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत जाऊन शेंग भरायला लागल्यापासून काढणीपर्यंत. मधल्या काळात तो तुमच्या रानात जे खातो त्यात हुमणीचे भुंगे, नाकतोडे, अळ्या, वाळवी, उंदराची पिल्लं, सरडे, लहान साप असं बरंच असतं. (मोठ्या नागाशी मोर मुद्दाम लढायला जातो असं नाही, लहान साप मिळाला तर खातो एवढंच.) आणि दिवसात तो दोनदाच जोरात चरतो, उजाडल्यापासून दोन तास आणि ऊन उतरल्यावर. दुपारी सावलीत, धुळीत लोळत बसलेला असतो. तेव्हा राखण दिवसभर नको, त्या दोन वेळांना, त्या दोन टप्प्यांत एक माणूस रानात नुसता फिरता राहिला तरी निम्म्याहून जास्त नुकसान टळतं, हे मी बऱ्याच शेतकऱ्यांकडे बघितलंय.

चमकी पट्टी लावा, वाऱ्यावर वाजते नि चमकते, पण दर चार-पाच दिवसांनी जागा बदला, नाहीतर मोर तिच्या खालीच चरायला लागतो. उसाच्या कडेचा पाचोळा-झुडूप भुईमुगाच्या बाजूनं दोन-तीन मीटर साफ ठेवा, लपायला जागा नसली की तो मोकळ्यावर यायला बिचकतो, पण हे तुमच्या घरट्याच्या बाजूला पिल्लं निघून गेल्यावरच करा. जुन्या साड्यांचं कुंपण डुकरांसाठी लावताच ना, मोर चालत येतो तेव्हा त्यालाही अडवतं. बारीक नायलॉनची जाळी मात्र अजिबात नको. मोराचा पाय अडकतो, तो ओढतो, दोरा हाडापर्यंत जातो. असे पाय मी कापलेत, आणि एका पायाचा मोर झाडावर नीट बसू शकत नाही. करंट सोडायचा विचारही करू नका, त्यात आधी माणूस जातो.

विष घालायला सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. औषध चोळलेलं बी पेरताना नीट मातीआड करा, उरलेलं बांधावर ओतू नका, कित्येक मोर मुद्दाम घातलेल्या विषानं नाही तर अशा ओतून दिलेल्या बियांनी मेलेत. मान लुळी, तोंडातून लाळ, पाय ताठ, आणि आजूबाजूला कावळे-होलेही मेलेले असले की समजायचं. नुकसान फार असेल तर फोटो काढा, तारीख दिसेल असे, आरटीसीचा (म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्याचा) उतारा जोडून रेंज फॉरेस्ट ऑफिसमध्ये अर्ज द्या आणि पोच घ्या, अर्ज कन्नडमधून लिहायला गावातलं एखादं शिकलेलं पोरगं गाठा, तिथं वाचणाऱ्याला सोपं जातं नि कागद पुढं सरकतो.

आणि एक सवय तुमच्या गावात असेल तर बंद करा, घरासमोर रोज धान्य टाकायची. मनापासून करतात लोक, मला माहितीय, पण असा मोर माणसाला नि कुत्र्याला भ्यायचं विसरतो, शेजाऱ्याच्या रानात पहिला तोच शिरतो, आणि पावसात भिजून पिसारा जड झालेला असताना कुत्र्यांच्या तावडीत पहिला तोच सापडतो. फरसाण, भात, शिळी भाकरी खाऊन पोट बिघडलेले मोरही बघितलेत. उन्हाळ्यात पाणी ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, वस्तीपासून लांब, उथळ भांड्यात, रोज बदलून.

जखमी मोर सापडला तर एवढंच करायचं. चार-पाच जणांनी मागं धावायचं नाही, पळवून पळवून दमलेला मोर जखमेनं नाही तर त्या धसक्यानं मरतो, स्नायू आतून खराब होतात आणि दोन दिवसांनी जातो. एकट्यानं हळू जवळ जायचं, डोक्यावर टॉवेल किंवा पोतं टाकायचं, डोळे झाकले की तो शांत होतो. दोन्ही पाय एकत्र धरायचे, काट्यापासून सांभाळून, पंख अंगाशी दाबून धरायचे, पिसाऱ्याला धरून ओढायचं नाही. मोठ्या खोक्यात किंवा अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, हवा खेळती हवी, आणि तोंडात पाणी ओतायचं नाही, ते सरळ फुप्फुसात जातं. लगेच फॉरेस्ट गार्डला नाहीतर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवायची, म्हणजे मोर तुमच्या घरात का होता असं उद्या कुणी विचारलं तर उत्तर तयार असेल.